गरम झाली की बंद

येरमटोल्याच्या ग्रामसभेचा ट्रक थंडा असला की काही कुरकूर नसायची. सकाळी काचेवर दंव साचलेलं असताना सुनिल सीटवर बसायचा, किल्ली फिरवायचा, आणि इंजिन लगेच घरघरायला लागायचं. भानगड पुढे होती. ट्रक रस्त्यावर चांगला गरम झाला आणि कुणी तो बंद केला, की मग काही केल्या सुरू व्हायचा नाही. सेल्फ जोरात फिरायचा, फिरून फिरून बॅटरी दमायची, पण इंजिन पकडायचं नाही. झाडाखाली तासभर उभा ठेवला की तोच ट्रक पुन्हा शहाण्यासारखा सुरू व्हायचा.

सुनिल त्या ट्रकचा ड्रायव्हर. त्याने यावर आपला उपाय काढला होता: गाडी बंदच करायची नाही. बांबू भरताना चालू, आरमोरीत चहा पिताना चालू, राईस मिलच्या आवारात रांगेत उभी असताना चालू. बंद करावीच लागली तर उतार पाहून उभी करायची आणि निघताना उतारावर सोडून गिअरमध्ये टाकायची. तशी मात्र ती बहुतेक वेळा लागायची.

"गाडी उभी अन् डिझेल जळून राह्यलं," ग्रामसभेची अध्यक्ष सोमारी म्हणायची. "सुनिल, असं कितीक दिवस?"

सोमारी पन्नाशीची, बारीक अंगाची, आवाज न चढवता बोलणारी बाई. बांबू आणि तेंदूपानाच्या व्यवहारातून गावाने हा जुना छोटा ट्रक घेतला, तेव्हा सगळ्यांनी तिलाच पुढे केलं होतं. माल गावाबाहेर जाताना ती स्वतः ट्रकमध्ये बसायची. कुणाचं पोतं कुठे उतरलं, हे तिच्या तोंडून ऐकलं की गावाचं समाधान व्हायचं.

ट्रक आधी दोन ठिकाणी दाखवून झाला होता. एकाने बॅटरी बदलली, दुसऱ्याने सेल्फ. मग आरमोरीला वडसा रस्त्यावर संघपालचं गॅरेज होतं, तिथे नेला. संघपालने फिल्टर पाहिला, तारा पाहिल्या, आणि डिझेल बंद करणारा विजेचा व्हॉल्व गरम झाला की चिकटत असेल असं ठरवून तो नवीन बसवला. आठ दिवसांनी ट्रक परत त्याच्या दारात, चालू इंजिनानिशी.

"तेच आहे, भाऊ," सुनिल म्हणाला.

संघपालला हे लागलं. पन्नास मैलांवरच्या गाड्या त्याच्याकडे यायच्या, आणि परत आलेली गाडी त्याला ताटातल्या खड्यासारखी टोचायची. तो ट्रकभोवती एक फेरी मारून आला.

"मी चुकलो," तो म्हणाला. "तुम्ही गाडी आणून ठेवता, माहा हात लागेपर्यंत ते थंडी होते. थंड्या गाडीत का दिसणार? बिमारी गरमीत आहे. मले तिच्यासंगं एक खेप मारू दे. भरलेल्या गाडीत, गावातून इथपर्यंत."

"मंग तुले गावात न्यायले मोटारसायकल धाडू का?" सुनिलने विचारलं.

"नाई. एसटीनं येतो. धान घेऊन निघाल ना, त्याच गाडीत परत येतो."

दिवाळी होऊन गेली होती. हलकं, लवकर पिकणारं धान निघालं होतं, भारी धानाची पुंजणी, म्हणजे कापून रचलेले ढीग, शेताशेतात उभी होती. संघपाल आदल्या दिवशीच एसटीने गावात जाऊन राहिला. दुपारचं जेवण झाल्यावर पोती भरली, मागचा लाकडी फाळका लावला, आणि तिघे केबिनमध्ये बसले. सुनिल स्टेअरिंगवर, सोमारी खिडकीशी, मध्ये संघपाल. त्या ट्रकचं अर्धं इंजिन केबिनच्या आतच होतं. दोन सीटच्या मधोमध त्याचं पत्र्याचं झाकण होतं, त्यावर जाड रेग्झिन. संघपाल त्या झाकणाला मांडी टेकवून बसला होता, आणि ते तापत चाललंय हे त्याला पॅन्टमधून कळत होतं.

वाटेत तो सारखा विचारत होता. "उतारावर सोडली की लागते म्हणतं. दरवेळी?"

"बहुतेक."

"अन् सेल्फवर नाई लागत."

"सेल्फ त मस्त फिरते, भाऊ. नवाच आहे."

संघपालने मनाशी हिशेब केला. उतारावर इंजिन सेल्फपेक्षा जोरात फिरतं. जोरात फिरलं की लागतं, हळू फिरलं की नाही. त्याच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं, पण एकदा फसला असल्यामुळे तो तोंडाने काही बोलला नाही.

जंगलातल्या नाल्यावर रपटा, म्हणजे बुटका फरशीपूल, आहे. त्याच्या अलीकडे सपाट जागा दिसली तसं तो म्हणाला, "इथी बाजूले घे. बंद कर."

"इथी नोको," सोमारी म्हणाली. "हत्ती याच अंगानं आहेत."

हत्ती छत्तीसगडकडून आले त्याला आता काही वर्षं झाली होती. एखाद्या रात्री ते एका गावाचं पुंजणं खायचे, दुसऱ्या रात्री दुसऱ्याचं. वनरक्षकाने सकाळीच निरोप दिला होता की कळप नदीपलीकडे आहे.

"नदीपार आहेत म्हणे ना," संघपाल म्हणाला. "पाच मिनिटाचं काम. मले पाणी पाहिजे अन् सपाट जागा पाहिजे. पुढी सारा चढ-उतारच आहे, तिथी गाडी लागली त काय समजणार?"

सोमारीला ते पटलं नव्हतं. पण गाडीचं काम हे त्याचं, म्हणून ती पुढे बोलली नाही. सुनिलने ट्रक रस्त्याच्या कडेला गिट्टीवर घेतला. पुढचं चाक नाल्याच्या काठापासून थोडंसं अलीकडे राहिलं. त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. बऱ्याच महिन्यांत ही गाडी रस्त्यात अशी मुद्दाम सपाटीवर बंद केली गेली नव्हती.

"मार सेल्फ," संघपाल खाली उतरून, मागे सायलेन्सरजवळ जाऊन म्हणाला.

सेल्फ जोरात फिरला. इंजिन लागलं नाही.

"आणखी मार... बस."

तो पुढे आला. "धूर नाई. जराही नाई. डिझेल आत गेलं अन् नाई जळलं, त पांढरा धूर येते. इथी आतच जाऊन नाई राह्यलं."

त्याने झाकण उघडलं, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या एका नोझलचा नट पान्याने सैल केला आणि पुन्हा सेल्फ मारायला लावला. तिथून डिझेल उडायला हवं होतं. फक्त ओघळ आला, तोही मरतुकडा. मग त्याने पंपाकडे येणारी नळी तपासली. तिथे डिझेल भरपूर होतं.

"पंपापर्यंत बराबर येते. पंपाच्या पुढं नाई जात." त्याने नट परत घट्ट केला आणि केबिनमध्ये धग नको म्हणून झाकण लावलं. "व्हॉल्व त मी नवा टाकला. मंग पंपच राह्यला. आतून घासला असंल. डिझेल गरम झालं की पातळ होते, अन् घासलेल्या जागेतून मागंच सरकते. इंजिन जोरात फिरलं त दाब बनते, सेल्फवर नाई बनत."

"म्हणजे सापडलं?" सुनिलने विचारलं.

"म्हणायले सापडलं. मागच्या वेळीही असंच म्हणलो होतो. पंप थंडा करतो. थंडा झाल्यावर लागली त पंप, नाई लागली त मी पुन्हा चुकलो."

त्याने खांद्यावरचा दुपट्टा आणि प्लॅस्टिकची कॅन घेतली आणि नाल्यात उतरला. ऊन कलतं झालं होतं, झाडांच्या सावल्या रपट्यावर पडल्या होत्या. सोमारी खिडकीतून त्याच्याकडे पाहत होती. तो पाण्यात वाकला, दुपट्टा बुडवला, कॅन अर्धी भरली, आणि मग तसाच वाकलेला राहिला. थोड्या वेळाने तो सावकाश सरळ झाला आणि न पळता, मागे न पाहता वर आला. सोमारीला ओलांडून मध्ये बसताना त्याने दरवाजा नुसता ओढून घेतला, लावला नाही, आवाज होईल म्हणून.

"येनी?" सोमारीने विचारलं. गोंडीत हत्तीला येनी म्हणतात.

त्याने मान डोलावली.

पहिली मादी नाल्यातून वर आली ती थेट रस्त्यावर, ट्रकच्या पुढे. तिच्या पायाशी पिल्लू होतं. मग बांबूच्या बेटातून आणखी दोन बाहेर आल्या, मग मागच्या बाजूला फांद्या मोडल्याचा आवाज झाला. धानाचा वास त्यांना लांबूनच लागला असणार.

सुनिलचा हात किल्लीवर गेला. सोमारीने संघपालच्या पुढून हात लांब करून त्याचं मनगट धरलं.

"नोको. पिल्लू पुढी आहे. आवाज केला अन् गाडी नाई लागली, त ते मादी आपल्यावरच येईल."

वनविभागाच्या माणसांनी गावात येऊन हेच सांगितलं होतं. हत्ती दिसले तर गाडी बंद करा, हॉर्न नको, लाईट नको, खाली उतरू नका. त्या बैठकीत सुनिल मागच्या ओळीत बसला होता, आणि आपली गाडी बंद केली तर परत लागत नाही हे तिथे सांगायची त्याला लाज वाटली होती.

मागून पोतं ओढल्याचा आवाज आला. ट्रक हलला. पोतं खाली पडलं, फाटलं, आणि मग खाण्याचा आवाज सुरू झाला. हा आवाज इतका घरगुती होता, बैलाच्या गव्हाणीतल्यासारखा, की सुनिलला आणखीच भीती वाटली. तो आरशात पाहत होता. आरशात फक्त एक राखाडी भिंत दिसत होती, आणि ती श्वास घेत होती.

संघपालने गुडघ्यावरचा ओला दुपट्टा पाहिला. मग त्याने इंजिनच्या झाकणाची एक पकड अंगठ्याने दाबून धरून सोडवली. मग दुसरी. झाकण पत्र्याचं होतं, जरा घासलं असतं तरी खणाणलं असतं. सोमारीने तिकडची कड उचलून धरली. दोघांनी मिळून ते सोमारीच्या पायाशी टेकवलं. इंजिनची धग तोंडावर आली.

संघपालने दुपट्टा पंपावर ठेवला. चर्र झालं, थोडी वाफ वर आली. त्याने दुपट्टा दाबून गुंडाळला, कॅनमधलं पाणी ओंजळीत घेऊन थेंब थेंब त्यावर सोडत राहिला. ओंजळ रिकामी झाली की सोमारी कॅन तिरपी करायची. बाहेर दुसरं पोतं पडलं, मग तिसरं.

पुढची मादी अजून रस्त्यावर होती. पिल्लाने रपट्यावरची माती सोंडेने उकरून पाहिली, अंगावर उडवली. मग मागच्या खाण्याचा आवाज त्यालाही कळला असावा. ते ट्रकच्या बाजूने निघालं, सुनिलच्या दरवाजाला अगदी लागून. त्याची पाठ खिडकीखालून सरकत गेली, वरचे राठ केस दिसले. त्याच्यामागून आई गेली. तिने खिडकीत डोळा लावल्यासारखं केलं की तसं सुनिलला वाटलं, हे त्याला नंतर कधी सांगता आलं नाही. पण रस्ता पुढे मोकळा झाला.

त्याच वेळी मागून धक्का बसला. पोती आत सरकली होती आणि फाळका आड येत होता. कुणीतरी त्याला कपाळ लावून रेटत होतं. फाळका करकरला, पण निखळला नाही, आणि सगळा ट्रक पुढे सरकला. सुनिलने ब्रेकवर दोन्ही पाय दिले. चाकं फिरत नव्हती, पण गिट्टीवरून खरडत पुढे जात होती. पुढे नाल्याचा काठ होता.

"आता," सोमारी म्हणाली.

सुनिलचा हात किल्लीवर होता, पण फिरत नव्हता. "नाई लागली त, भाऊ?"

"पंप असंल त लागंल."

"असंल त?"

"मले का आतलं दिसून राह्यलं?" संघपालचा आवाज फाटला. "मार!"

दुसरा धक्का बसला. सुनिलने किल्ली फिरवली.

सेल्फ फिरला. एक फेरा, दोन फेरे, काहीच नाही. मागे सोंडेचा एक लांब आवाज झाला. संघपालने कॅनमधलं उरलेलं सगळं पाणी एकदम पंपावर ओतलं. इंजिनने एकदा ठसका दिला, अख्खा ट्रक थरथरला, पुन्हा ठसका, आणि मग ते लागलं. उघड्या झाकणातून त्याचा आवाज केबिनमध्ये एवढा मोठा आला की तिघांनाही दुसरं काही ऐकू येईना. सुनिलने गिअर टाकला, स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे ओढलं. मागचं चाक गिट्टीत फिरलं, मग धरलं. ट्रक रस्त्यावर चढला, रपटा ओलांडून पलीकडच्या चढाला लागला. मागे फाळका तुटून पडला आणि पोती एकामागून एक धपाधप रस्त्यावर पडत गेली. सुनिलने आरशात पाहिलं नाही.

पुढच्या गावात पानठेल्यासमोर त्याने ट्रक थांबवला. इंजिन चालूच होतं. तो खाली उतरला, चाकाजवळ बसला आणि त्याला ओकारी झाली. लोक जमले. कुणीतरी पाणी आणलं. कुणीतरी वनरक्षकाला फोन लावला, त्या रस्त्यावर कुणाला येऊ देऊ नका म्हणून सांगितलं.

संघपाल केबिनमधून उतरला. त्याचे हात कोपरापर्यंत भिजलेले होते, बोटांच्या टोकांना भाजल्याचे फोड आले होते. तो हसत होता. त्याला हसायचं नव्हतं, पण आवरत नव्हतं.

"पंपच आहे," तो म्हणाला. "बाई, पंपच आहे!"

सोमारीने त्याच्याकडे पाहिलं. "मी म्हणलं होतं ना, इथी नोको."

त्याचं हसू गेलं.

"म्हणल्या होत्या."

"पाणी तुले पुढच्या गावातबी भेटलं असतं. सपाट जागाबी हीच पाह्य, पानठेल्यासमोरची." ती ओरडत नव्हती. "हा पोरगा काठावरून गेला असता. आपण तिघंही गेलो असतो."

"चुकलो, बाई."

"मागच्या वेळी गाडीत चुकलास, ते ठीक. हे गाडीतलं चुकणं नाई."

संघपालने मान खाली घातली. त्याने ट्रकमागे जाऊन उरलेली पोती दोरीने बांधली, आणि आरमोरी येईपर्यंत तो मागेच, पोत्यांवर बसून आला.

पंप दुसऱ्या दिवशी निघाला. आरमोरीत तो उघडायची सोय नव्हती, म्हणून संघपाल तो चंद्रपूरला डिझेल पंपाच्या कारागिराकडे स्वतः घेऊन गेला. आतला दाब बनवणारा भाग काढल्यावर उघड्या डोळ्यांनीही दिसत होतं. जिथे आरशासारखं गुळगुळीत असायला हवं, तिथे उभे ओरखडे होते, आणि त्यात गंजाची लाली.

"पाणी आहे तुमच्या डिझेलात," कारागीर म्हणाला. "पंप नवा केला तरी वर्षभरात पुन्हा याल."

हे ऐकल्यावर संघपालला येरमटोल्यातलं एक दृश्य आठवलं. समाजमंदिराच्या मागे, उघड्यावर, ट्रकच्या डिझेलचा पिंप. वर फळी, फळीवर दगड, आणि पावसाळाभर वरून गळणारी वळचण.

पंप बसवल्यावर त्याने सुनिलला सोबत घेऊन भर दुपारी वडसा रस्त्यावर ट्रक पळवला. परत येऊन गॅरेजसमोर इंजिन बंद केलं, झाकणावर हात ठेवून पाहिला, पोळला. मग सुनिललाच किल्ली फिरवायला सांगितली. लागला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. सुनिलने चहा घेतला, कप धुऊन ठेवला, परत येऊन किल्ली फिरवली. लागला. तेव्हा त्याने संघपालला मिठी मारली, आणि संघपालच्या बोटांवरचे फोड दुखावले.

गावाला जाताना संघपालही ट्रकमध्ये बसला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. या वेळी त्यांनी वनरक्षकाला फोन करून कळप कुठे आहे ते विचारलं, आणि लांबच्या वैरागडच्या रस्त्याने गेले. संध्याकाळी समाजमंदिरासमोर लोक बसले होते. संघपालने काचेच्या बाटलीत पिंपाच्या तळाचं डिझेल काढून आणलं आणि बाटली मधोमध ठेवली. थोड्या वेळात वर पिवळसर डिझेल राहिलं आणि तळाशी बोटभर पाणी, त्यात लाल गाळ. बाटली हातोहात फिरली. पिंप आत न्यायचा, त्याला तळापासून वीतभर वर तोटी बसवायची, आणि खालचं पाणी दर आठवड्याला नळीने ओढून टाकायचं, हे त्याने सांगितलं. सोमारीने ते गोंडीत पुन्हा सांगितलं. कुणाची काही हरकत नव्हती.

मग म्हाताऱ्या इसरूने विचारलं, "पण भाऊ, हत्ती कितीक होते?"

सगळे पुढे सरकले. त्यांना बाटलीपेक्षा हेच ऐकायचं होतं.

संघपालने आठवायचा प्रयत्न केला. "नाल्यात पाहिला तो एक," तो म्हणाला. "बाकी मी नाई पाहिले, बाबा. मी पंपाकडं पाहून राह्यलो होतो."

लोक हसले. सोमारीही हसली, त्या खेपेनंतर पहिल्यांदा त्याच्याकडे पाहून. मग सुनिलने सांगायला सुरुवात केली, आणि पिल्लू खिडकीखालून गेलं तिथे त्याचा आवाज बारीक झाला. लोकांनी त्याला घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांनी मिळून पिंप आत नेला. फाळक्यासाठी सागाच्या नव्या फळ्या रंधून ठेवल्या होत्या, त्या संघपालनेच बसवल्या. सोमारीने राहिलेलं धान मोजून भरायला घेतलं, आणि ज्यांची पोती हत्तींनी खाल्ली होती त्यांचं धान या खेपेत सगळ्यात आधी चढवलं.